फुकटचे तीन गोल

दत्तादादा नमस्कार करायचा तेव्हा त्याचे दोन्ही हात कधी नीट जुळायचे नाहीत. गोलकीपरची बोटं ती. कुठलं पेरातून वळलेलं, कुठलं मधूनच फुगलेलं, आणि डाव्या करंगळीने तर कधीचीच वेगळी चूल मांडलेली. मी क्लबात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच संध्याकाळी हा धिप्पाड, पिकलेल्या कल्ल्यांचा माणूस समोर येऊन उभा राहिला. निखळलेलं बोट त्याने माझ्या देखत दुसऱ्या हाताने ओढून जागेवर बसवलं आणि म्हणाला, "बाय, पट्टी मार. तिकडं बॉल थांबलाय."

मी भडकलेच. "पुन्हा बोट स्वतः बसवलंत तर पट्टीही स्वतःच मारा," असं सुनावलं. तो मनापासून हसला. पुढेही बोटं तो स्वतःच बसवायचा, फक्त माझी पाठ वळायची वाट बघायचा.

अंबरनाथचा आमचा क्लब त्या वर्षी राष्ट्रीय लीगमध्ये चढला होता, आणि हे क्लबाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. बदलापूरला माझ्या सोसायटीत मी फुटबॉल क्लबात काम करते म्हटलं की लोक कौतुकाने विचारायचे, "छान! आणि नोकरी कुठे?" संघात मणिपूरची मुलं होती, केरळची होती, गोव्याची होती. इथला म्हणावा असा एकटा दत्तादादा, मोरिवलीच्या आगरी घरातला. सरावाचं मैदान गाव आणि एमआयडीसीच्या मधोमध होतं. त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता कारखान्याची भिंत उभी होती, आणि त्याच भिंतीवर बॉल आपटून तो झेल घ्यायला शिकला होता. मला वाटलं होतं, हा आता जमिनीचं रडगाणं ऐकवणार. पण तो म्हणाला, "जमीन गेली, भिंत तर भेटली."

सीझन आमचा वाईट गेला. लाजिरवाणा म्हटलं तरी चालेल. मोठ्या शहरांचे क्लब यायचे, त्यांच्या बसमध्ये आमच्या ड्रेसिंग रूमपेक्षा जास्त जागा असायची, आणि ते तीन-चार गोल मारून निवांत परत जायचे. आमची पोरं मान खाली घालून मैदानाबाहेर निघाली की दत्तादादा मागून ओरडायचा, "ए, तोंड वर कर! गोल खाल्ला म्हंजे चोरी नाय केली." जाळ्यातला बॉल तो स्वतः उचलायचा, पुसायचा आणि जणू आत्ताच खेळ सुरू होतोय अशा थाटात मधल्या रेषेकडे लाथाडायचा. त्या थाटाचा मला कधीकधी राग यायचा. हरलेल्या माणसाने थोडं तरी हरल्यासारखं दिसावं की नाही?

एकदा घरच्या सामन्याच्या दिवशीच त्याच्या भाचीची हळद निघाली. आगऱ्यांच्या हळदीला मामा नसेल तर नवरी पाटावर बसायची नाही. कोच हवालदिल झाले. दत्तादादा दुपारी मांडवात गेला, भाचीला हळद लावली, स्वतःच्या गालाला, कानाला, मानेला लावून घेतली आणि तसाच पिवळाधमक मैदानावर हजर झाला. मागोमाग टेम्पोतून हळदीची बेंजो पार्टी आली आणि तिच्यामागे अर्धी मोरिवली. पाहुण्या संघाचे ढोल होते, पण बेंजोसमोर त्यांचं काही चाललं नाही. रेफरीने विचारलं, चेहऱ्याला काय लावलंय? दादा म्हणाला, "लगीन हाय, साहेब." त्या दिवशी आम्ही सामना बरोबरीत सोडवला आणि टेम्पो वरातीसारखा वाजत-गाजत मांडवात परतला. सबंध सीझनमध्ये मी पोटभर हसले ती तेवढीच.

शेवटचा एक सामना उरला तोवर आमचं खालच्या लीगमध्ये घसरणं पक्कं झालं होतं. जिंकूनही फरक पडणार नव्हता. क्लबाच्या सिंधी मालकांनी, म्हणजे शेठनी, आम्हाला उल्हासनगरला बोलावलं. जीन्सच्या कापडाचं त्यांचं दुकान, वर क्लबाचं ऑफिस. माणूस वाईट नव्हता. स्वतः प्रत्येक घरच्या सामन्याला यायचा, समोसे वाटायचा. पण आता तो थकला होता. "अगले साल टीम नहीं चलाऊंगा," त्यांनी सांगून टाकलं. "और ये लास्ट मॅच इतनी दूर. दो दिन का सफर. क्यों जाना, साईं? वॉकओव्हर दे देंगे."

वॉकओव्हर म्हणजे जो संघ येत नाही तो हरला असं धरतात, आणि निकाल लिहितात तीन-शून्य. ठरलेली पद्धत आहे. कोचनी मान डोलावली. मीही डोलावली, खरं सांगायचं तर निम्म्या संघाचे घोटे सुजलेले होते.

दत्तादादा मात्र उठून उभा राहिला. हा त्याचा शेवटचा सीझन होता, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. "मतलब मी घरी बसनार, आन तिकडं माझ्या नावावर तीन गोल चढनार?" तो म्हणाला. "कोनी मारले ते? बॉल कुठून आला? मी डाव्या बाजूला झेप मारली का उजव्या?" मग शेठकडे वळून, "शेठ, इतने साल में जितना गोल खाया, सब सामने से खाया. ये फुकट का तीन मैं नहीं लेता."

शेठनी हात जोडले. "ग्यारह आदमी जमा के दिखा. फिर जा."

निम्मी मुलं घरची तिकिटं काढून मोकळी झाली होती. शहाडला क्लबाने घेतलेल्या खोल्यांवर दादा गेला आणि दारोदार फिरला. मी सोबत होते, कोणाचा पाय कितपत चालेल हे सांगायला. केरळच्या एका पोराने बॅग भरलेली होती. तो म्हणाला, "दादा, फायदा क्या है?" दादा त्याच्या बॅगेवरच बसला. "फायदा नहीं है. इसलिए तो पूछ रहा हूं. फायदे के लिए तो कोई भी आएगा." पोराने त्याला बॅगेवरून उठवलं आणि आतून बूट बाहेर काढले. मणिपूरच्या मधल्या फळीतल्या खेळाडूचा घोटा बघून मी साफ नाही म्हटलं. दादाने मला बाजूला घेतलं. "बाय, अर्धा तास तरी खेलंल का?" अर्धा तास कसाबसा, मी म्हणाले. "बास," तो म्हणाला, "अर्धा तास त्याचा, बाकीचा देवाचा."

असे आम्ही अकरा जण आणि दोन लंगडे घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो. तिथल्या लोकांना वाटलं होतं आम्ही येणारच नाही. पहिल्या अर्ध्या भागातच तीन गोल झाले. विश्रांतीत दादाच्या बोटाला पट्टी मारताना मला राहवलं नाही. "झाले बघा तीन. घरी बसलो असतो तरी हेच होतं."

"नाय," तो म्हणाला. "ते तीन आन हे तीन एक नायत. दुसरा बघितलास? काय मारला त्यानं! अशी किक मी जल्मात बघितली नाय."

त्याच्या डोळ्यांत खरोखर आनंद होता. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते लपवायला मी पट्टी जरा जास्तच घट्ट आवळली.

दुसऱ्या भागात तो वेड्यासारखा खेळला. एक पेनल्टी अडवली तेव्हा परकं पब्लिकही उभं राहिलं. पण अडवलेला बॉल कॉर्नरला गेला, आणि त्याच कॉर्नरवरून चौथा गोल झाला. दादा उठला आणि थेट लाइन्समनकडे धावला. "फाउल था! चार नहीं, तीन!" पिवळं कार्ड मिळेपर्यंत तो भांडत होता. तीन गोल नाकारायला एवढा देश पालथा घातलेला हा माणूस आता जीव तोडून तीनच मागत होता. मी बाकावर बसून एकाच वेळी हसत होते आणि रडत होते.

परतल्यावर शेठकडे शहाडच्या खोल्यांच्या चाव्या द्यायला गेलो. क्लब बंद होत होता, दुकानावरून कामगार क्लबाचा फलक उतरवत होते. शेठनी निकाल ऐकला आणि मान हलवली. "देखा, साईं? नहीं जाते तो तीन होता. जा के चार खाया."

दत्तादादाने चाव्या टेबलावर ठेवल्या.

"शेठ," तो म्हणाला, "वो तीन किसने मारा होता, नाम बताओ."

शेठनी चाव्या उचलून खणात टाकल्या.

"मेरे को चारों का नाम मालूम है."