पांढऱ्या दगडातली भोकं

घासूकाकांच्या घरातला मोरीचा पाइप तीनदा बदलून झाला. पहिल्या वेळी प्लंबर काही बोलला नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, "काका, कशाला उगाच? पाइप ठणठणीत आहे." तिसऱ्या वेळी त्याने मोरीच्या तोंडाशी नाक नेलं, चांगली दोन मिनिटं हुंगलं आणि काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, मला येत नाही, शेजारी येत नाही, ह्या बिचाऱ्यालाही येत नाही. तुम्हालाच कसा येतो वास?"

"सडक्या अंड्याचा येतो," काका म्हणाले. "तुमची सगळ्यांची नाकं गेली कामातून."

आता हा माणूस चक्रम होता म्हणावं, तर तसंही नाही. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात तळमजल्यावर एक खोली होती. तिथे एकतीस वर्षं हा माणूस दगडांचे काप करत बसला होता. तुम्ही म्हणाल, दगडाचे कसले काप? तर ऐका. हिऱ्याची कणी लावलेल्या पात्याने दगडाची चकती काढायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग घासायची. घासायची म्हणजे किती? खाली वर्तमानपत्र धरलं तर दगडातून बातमी वाचता यावी, इतकी! त्यानंतर तो काप मायक्रोस्कोपखाली गेला की दगडातला कण न् कण आपलं नावगाव सांगतो. पण हात एक क्षण जास्त फिरला, तर काचेवर काहीच उरत नाही. काकांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. म्हणून पोरांनी नाव ठेवलं घासूकाका, आणि ते त्यांना आवडायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका सिमेंटच्या गोदामाचा पत्रा फोडून आकाशातून एक दगड पडला. मुठीत मावेल एवढा. वरची साल फिकट तपकिरी, आत पांढराफटक. पहारेकऱ्याला वाटलं, कुणीतरी कपबशी फेकून मारली. विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, दगड हातात आल्यावर लहान मुलासारखे नाचायचे बाकी राहिले. उल्का बहुतेक काळ्या, लोखंडाने भरलेल्या असतात. ह्याच्यात लोखंड जवळजवळ नाहीच. सगळा मॅग्नेशियम आणि सिलिकाचा पांढरा स्फटिक. सर काकांना म्हणाले, "हा एखाद्या लघुग्रहाचा तुकडा आहे बघ. साडेचार अब्ज वर्षांचा. आणि जिथे हा घडला, तिथे ऑक्सिजनचा नुसता दुष्काळ. आपल्याकडे कॅल्शियम चुनखडीत सापडतं. तिकडे त्याला ऑक्सिजन मिळेना, म्हणून त्याने गंधकाशी घरोबा केला. तसलं खनिज पृथ्वीवर टिकत नाही. तेव्हा काप करताना पाण्याचा थेंबही नको. केरोसीन वापर. कळलं?"

"कळलं सर," काका म्हणाले.

कळलं कुठलं! केरोसीन वापरायचं म्हणजे यंत्राचं पाणी काढा, तसराळं पुसा, सुकवा, पुन्हा भरा. अर्धा दिवस मातीत. आणि सरांना दोन दिवसांनी परदेशात परिषदेला जायचं होतं, काप घेऊन. काका तेव्हा भलतेच तोऱ्यात होते. बारा वर्षांत एक काप फुकट गेला नव्हता. ते मनाशी म्हणाले, दगड तो दगड, साखरेचा खडा आहे का विरघळायला? आणि त्यांनी नळ सोडला.

पातं दगडाला लागलं आणि खोलीत असा घाणेरडा भपकारा सुटला की विचारू नका. सडकी अंडी! काकांना वाटलं मोरी तुंबली. त्यांनी मोरीत अर्धी बाटली फिनेल ओतलं आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी घासताना पुन्हा तोच वास. त्याच वेळी सर खाली आले. दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला. काही न बोलता खिडकीपाशी गेले, दोन्ही झडपा उघडल्या, बाहेर तोंड करून थोडा वेळ उभे राहिले.

"मोरी तुंबलेली दिसते," सर म्हणाले.

"हो सर. फिनेल टाकलंय."

"केरोसीननेच केलंस ना?"

काकांच्या हातात ओलं फडकं होतं. ते त्यांनी मागे धरलं. "हो सर."

मग सरांनी काप मायक्रोस्कोपखाली ठेवला. पांढऱ्या स्फटिकांच्या मधे गोल, लांबट, वेडीवाकडी भोकं होती. बरीच. सर इतका वेळ डोळा लावून बसले की काकांच्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी सर म्हणाले, "बुडबुडे आहेत हे. तो लघुग्रह एके काळी वितळला होता. आतला गॅस उकळून बाहेर पडला आणि ही भोकं राहिली. आजवर कोणी पाहिलं नाही हे."

झालं! त्या तीन कापांवर सरांचं जगभर नाव झालं. उकळलेला लघुग्रह, सगळीकडे तेच. सरांच्या निबंधाच्या शेवटी एक ओळ होती: हे काप ज्यांच्या कसबी हातांनी केले, त्यांचे आभार. पुढे काकांचं पूर्ण नाव. काकूंनी ते पान फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावं लागे, सुटका नव्हती. त्यानंतर सर तळमजल्यावर कधी आले नाहीत. दगड शिपायाबरोबर पाठवायचे. काकांना वाटलं, मोठा माणूस झालाय, जिने कशाला उतरेल. उरलेला पांढरा दगड सरांनी आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला. कोणी तुकडा मागितला तर म्हणायचे, "जपून ठेवायचाय तो."

तीन वर्षं काका सुखात होते. मग सरांची एक विद्यार्थिनी खाली येऊन बसायला लागली. हुशार पोर. वर पंखा नव्हता म्हणून यायची आणि मोठ्याने वाचायची. एक दिवस म्हणाली, "काका, गंमत ऐका. ह्या जातीच्या उल्केत कॅल्शियम आणि गंधकाचं एक खनिज असतं. नुसतं पाणी लागलं की विरतं. आणि विरताना सडक्या अंड्याचा वास येतो! आपल्या दगडात मात्र ते औषधालाही नाही. म्हणून तर आपला दगड जगावेगळा."

काकांचा फिरता हात थांबला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून फुकट गेलेलं एकच काम, ते ह्या पांढऱ्या दगडाचं. ती भोकं लघुग्रहाने पाडली नव्हती. साडेचार अब्ज वर्षं ज्याला पाणी शिवलं नव्हतं, ते त्यांनी नळाखाली धरून मोरीत सोडलं होतं.

हे कळलं त्या दिवसापासून वास मागे लागला. यंत्रात पाणी भरायला घेतलं की यायचा. मग घरी यायला लागला, जेवताना, दाढी करताना. त्या फ्रेमखालून जाताना तर हमखास. सांगायचं कितीदा ठरवलं. पण सर निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. पुढे त्या पोरीने त्याच बुडबुड्यांवर पीएचडी केली, पुस्तक लिहिलं, विभागाची प्रमुख झाली. दर वर्षी सांगणं जास्त कठीण होत गेलं. दोन वर्षांपूर्वी सर गेले तेव्हा काका शेवटच्या दर्शनाला गेले आणि तिथेही तो वास आला. काका दारातूनच परत फिरले. लोक म्हणाले, किती जीव होता बघा सरांवर.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता तेव्हा मॅडम, म्हणजे तीच पोर, स्वतः जिने उतरून खाली आल्या. हातात एक छोटी काचेची डबी. आत पांढरा दगड, अंगठ्याएवढा.

"सरांच्या कपाटातला," त्या म्हणाल्या. "बाहेरची काही मंडळी म्हणतायत, एवढ्या लहान लघुग्रहावर बुडबुडे टिकणारच नाहीत. म्हणून नवा काप हवाय. भोकं दिसली की सगळ्यांची तोंडं बंद. नाही दिसली, तर माझी चौदा वर्षं पाण्यात." त्या हसल्या. "पण दिसतील. काका, मागच्या वेळी केलंत ना, अगदी तसंच करा हं. अगदी तसंच."

त्या गेल्या. काका डबीकडे बघत बसले.

अगदी तसंच! म्हणजे नळ सोडायचा, की झालं. भोकं पडतील. सरांचं नाव राहील, पोरीचं पुस्तक राहील, घरातली फ्रेम राहील. तीस तारखेला हार घालून लोक निरोप देतील. दगड संपला की विचारणारं कोणी उरणार नाही. आणि तिने सांगितलं तसंच तर केलं असतं! काकांनी नळावर हात ठेवला. पाणी यायच्या आधीच वास आला. एवढ्या जोरात कधी आला नव्हता. ते बाकाला धरून उभे राहिले. त्यांना रडू फुटलं, आणि रागही आला, स्वतःचाच. "पुरे कर रे बाबा," ते दगडाला म्हणाले.

मग त्यांनी यंत्रातलं पाणी काढलं. तसराळं पुसलं, सुकवलं, पुन्हा पुसलं. अर्धा दिवस गेला, जो एकोणीस वर्षांपूर्वी द्यायचा होता. केरोसीन भरलं आणि पातं चालू केलं. खोलीभर केरोसीनचा वास पसरला, दुसरा कसलाही नाही. दोन दिवस ते हलक्या हाताने घासत राहिले. मग काप मायक्रोस्कोपखाली ठेवला.

एकही भोक नव्हतं. जिथे भोकं असायची तिथे मधासारखे तपकिरी कण बसले होते, गोल, लांबट, वेडेवाकडे. अगदी त्याच आकाराचे. पुस्तकांत बघून बघून काकांना ते पाठ झाले होते.

मॅडमनी पाहिलं. डोळा वर केला, परत लावला. "काका, भोकं कुठायत?"

"भोकं मी पाडली होती पोरी," काका म्हणाले. मॅडम म्हणायचं ते विसरले. "पाणी वापरलं होतं. केरोसीन वापरलं म्हणून खोटं सांगितलं. सोळा वर्षं मला माहीत आहे. तू इथेच बसून वाचून दाखवलंस, तेव्हापासून."

मॅडम स्टुलावर बसल्या, शाळेतली मुलगी बसते तशा, पाय जवळ घेऊन. "म्हणजे काहीच खरं नव्हतं."

"दगड खरा आहे," काका म्हणाले. "आता लिही तू. पहिले काप कोणी नासवले तेही लिही. माझं नाव घाल."

"लिहावंच लागेल." त्यांनी डोळे पुसले. "सरांना किती वाईट वाटलं असतं. त्यांना अंधारात ठेवलंत तुम्ही. तो वास त्यांच्या नाकाला लागता, तर एका क्षणात ओळखला असता त्यांनी. नाही का?"

काकांच्या डोळ्यांपुढे रुमाल आला. नाकाला लावलेला. उघडलेली खिडकी आणि बाहेर तोंड करून उभी असलेली पाठ. मोरी तुंबलेली दिसते. केरोसीनचा प्रश्न विचारला, तेव्हा खोलीत केरोसीनचा वास तरी कुठे होता? नंतर एकदाही न उतरलेले जिने. कुलूपबंद कपाट. जपून ठेवायचाय तो!

अरे लबाडा! काकांच्या तोंडापर्यंत आलं. सगळं ठाऊक होतं तुला. पहिल्या दिवसापासून. आणि मी एकटा सोळा वर्षं मोऱ्या धुतोय!

"काका, सर त्या दिवशी खाली आले होते का हो?" मॅडमनी विचारलं. "वास होता तेव्हा?"

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की काकांना बघवेना. चौदा वर्षं गेली होती त्या पोरीची. मागे एक माणूस तेवढा उरला होता, ज्याला ती अजून सर म्हणत होती.

"नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आले. खिडक्या उघड्या होत्या. वास पार गेला होता तेव्हा."

"तरीच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काप उचलून उजेडात धरला.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "तुला कसला वास येतोय का गं?"

"केरोसीनचा. दुसरा कसला?"

काका उठले, बाकाखालची फिनेलची बाटली काढली आणि मोरीत ओतायला लागले.