उलटी फिरलेली मोटर

नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ सगळ्यात तापलेले दिवस, लागला होता. सकाळीच रायपूरच्या पंडरी बाजारातल्या गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि कापडवाल्यांची शटरं अजून अर्धी खालीच होती. देवश्रीनं मात्र बाबारावांचं मोटर वाइंडिंगचं दुकान उघडलं होतं. झाडून काढलं, दाराशी पाणी शिंपडलं, मटका भरला, मग बारदानावर मांडी ठोकली आणि कूलरची एक जळकी मोटर पुढ्यात ओढून छिन्नी उचलली. जळक्या वॉर्निशचा वास तिच्या केसांतसुद्धा बसला होता. घरी आई वनमाला म्हणायची, "लग्नाच्या पोट्टीच्या अंगाले हा कोणता सेंट व?"

तेलीबांध्याकडे एसीची ऑफिसं उभी राहिली म्हणून सगळं रायपूर काही एसीत झोपत नाही. पुरानी बस्ती अजून कूलरवरच जगते, आणि देवश्री तिथलीच. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पास झाली. बरोबरच्या पोरांना कारखान्यांनी शिकाऊ म्हणून मशिनीवर घेतलं. हिला एका कारखान्यानं गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. महिना झाला तशी ती साहेबासमोर जाऊन उभी राहिली. "मी मोटर शिकाले आली होती," एवढं बोलून निघून आली. बाबारावांनी वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं.

बाबाराव विदर्भातून आलेले. हाताला असा गुण, की त्यांनी नवी तार गुंडाळून बांधलेली मोटर परत यायची नाही. पण एक खोड होती. कॉइली बसवून झाल्या आणि तारांची टोकं एकमेकांना जोडायची वेळ आली, की ते स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करत. शिकाऊंना दिसायची ती फक्त घामानं चिकटलेली बनियन. खरी विद्या तर त्या जोडणीतच. बाकी चहा आणा, झाडू मारा, जळक्या मोटरी खोला.

बरोबरीचा शिकाऊ विशाल आंबट तोंड करून म्हणायचा, "दीदी, इधर सिर्फ चाय का डिप्लोमा मिलता है।"

"तू घे तो. मले मोटर पाहिजे."

वर्ष सरत आलं होतं. जोडणी न शिकता बाहेर पडली तर शिकल्याचा कागद मिळाला असता, पण पुढं कोणी मोटर पुढ्यात ठेवली तर ती काय करणार? पुन्हा कुठल्यातरी गेटवरच बसणार. बाबारावांना विचारून झालं होतं. "हात लावला तर उद्यापासून येऊ नको," हे उत्तर.

मग तिनं विचारणं सोडलं. जी मोटर खोलायला मिळे, तिची तार कापण्याआधी ती बोटानं तारेच्या मागे मागे जायची. ही तार कुठून निघाली, कोणत्या कॉइलीत शिरली, कुणाला जाऊन मिळाली. कापडदुकानांतून उचललेल्या चिंध्यांचे रंगीत दोरे टोकांना बांधायची. लाल लालशी, पिवळा पिवळ्याशी. मेलेली मोटर काही भिंतीकडे तोंड करत नाही. महिनोन् महिने हेच. विशाल हसायचा, "दीदी मोटर को राखी बांध रही है।" ती हसून पुढचा दोरा बांधायची.

बाकाखाली एक मोटर पडून होती, मालक कधी फिरकलाच नव्हता. दुपारी बाबाराव घोरायला लागले की ती मोटर बाहेर यायची, आणि रिळांच्या तळाशी उरलेल्या तारेनं देवश्री ती बांधायची. नवतप्यातल्याच एका दुपारी तिनं ती पूर्ण केली, पाती बसवली, आणि बाबारावांना हलवून उठवलं.

"काका, मी हात लावला. पाहून घ्या, मग जा म्हणा."

बाबाराव उठून बसले. विशाल हवा खायला पात्यासमोर शर्ट वर करून उभा राहिला. तिनं बटण दाबलं. मोटर फिरली, एकसारख्या आवाजात, ना धूर ना घरघर. पण विशालच्या पोटाला वाराच लागेना. उलट मागं बसलेल्या बाबारावांचा गमछा उडून डोळ्यांवर आला.

"काहून व," गमछा काढत ते म्हणाले, "हवा मले लागून राहिली."

विशाल खाली बसून हसायला लागला. देवश्रीनं बटण बंद केलं. तिचा चेहरा उतरला होता, पण मोटरीसमोरून ती हलली नाही.

बाबारावांनी चष्मा लावला, मोटर उघडली, कॉइलीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ टोकं चाचपत राहिले.

"कोणी दाखवलं तुले?"

"कोणी नाही. खोलता खोलता पाहिलं."

"खोलताना मोटर कशी धरते?"

तिनं धरून दाखवली. छिन्नी मागच्या तोंडाला मारावी लागते, म्हणून मोटरीची पाठ तिच्याकडे. तशी धरली आणि तिच्याच लक्षात आलं. सगळं मागून पाहिलं होतं, आणि बांधलं समोरून; डावं ते उजवं झालं होतं.

"म्हणूनच उलटी फिरली," ती हळूच म्हणाली.

"हव. उलटी आहे, पण चूक एक नाही." बाबाराव चष्मा पुसत राहिले. "आधी तीन पोट्टे तयार केले मी. तिघांनी याच गल्लीत दुकानं टाकली. तेव्हापासून पाठ करून बसतो."

"मी बी टाकीन काका," देवश्री म्हणाली. "सांगून ठेवते."

विशालचं हसणं थांबलं. बाबारावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना ठसका लागला, की हसू आलं, कळलं नाही. त्यांनी स्टूल भिंतीपासून ओढलं, दारातल्या उजेडाकडे तोंड केलं आणि पायानंच दुसरं स्टूल आपल्या शेजारी सरकवलं.

"उद्यापासून इकडून बसत जा. समोरून पाह्य." मग मोटर तिच्या हातात देत म्हणाले, "आज हे टोक बदलव. अन् मटका रिकामा आहे, आधी तो भरून आण."

देवश्रीनं मोटर बाकावर ठेवली, हाताची काजळी सलवारीला पुसली, मटका कमरेवर घेतला आणि उन्हातून नळाकडे निघाली.