मधल्या घरातला हब

ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं आणि मी पुण्याहून निपाणीला सासरी आले. आमच्या बोळात तेव्हा इंटरनेट नव्हतं. लाइन आली होती ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीवाले अण्णा म्हणाले, "माझ्याकडनं वायर न्या की." पण शंभरेक मीटरच्या पुढं एका वायरीतून इंटरनेट धड जात नाही. मध्ये हब लागतो, म्हणजे वायरी जोडायचा, विजेवर चालणारा छोटा डबा. नवऱ्याने एक हब गिरणीत बसवला, एक आमच्या घरी आणि एक मधल्या घरात, आक्कांच्या स्वयंपाकघराबाहेर.

आक्का कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. एकट्याच राहायच्या.

पहिल्याच आठवड्यात दुपारी चारला माझी मीटिंग तुटली. धावत गेले तर आक्कांनी बटण बंद केलेलं. "उगंच जळतंय वाटलं गं. आलीच हाईस तर चहा घे." दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी बटणापाशी कागद चिकटवला, 'बंद करू नये'. त्याखाली आक्कांनी सुंदर अक्षरात तेच कन्नडमध्ये लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बटण बंद केलं.

"आक्का, अशानं नोकरी जाईल माझी!" मी ओरडलेच. त्यांनी पाठ फिरवली. ओट्यावर दोन कप मांडून ठेवलेले होते.

"गिरणीतला बंद पडला तर तू गिरणीत जातीस," त्या हळूच म्हणाल्या. "इथला पडला तरच इकडं येतीस न्हवं?"

मी खाली बसले. "बटण राहू द्या. मी रोज चारला येते."

वर्षभर मी रोज गेले. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, म्हणून मी भाजी चिरून द्यायची आणि त्या मला कन्नड अक्षरं शिकवायच्या. एसटीच्या पाट्या मी वाचायला लागले.

मग लाइन थेट आमच्या दारात आली. नवऱ्याने वायरी गुंडाळल्या, हब काढले. "मी येतच राहीन," आक्कांना म्हटलं. तीन-चार वेळा गेलेही. नंतर कामं वाढली.

एकदा डब्यात लाडू घेऊन गेले तर फाटकाला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं धारवाडला गेल्या की त्या, कायमच्या. पंधरा दिवस झालं. तुला सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

धारवाड काही लांब नाही. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. अजून गेलेले नाही.