गांबियाचं मतदान, विनिपेगच्या स्वयंपाकघरातून

विनिपेगला उतरले तेव्हा पाय सुजून खांब झाले होते आणि कॅनडा बघायची हौस विमानातच संपली होती. काचेबाहेर बर्फ होतं. ते पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं बघून, आता परतीचं विमान कधी? निखिल, माझा मुलगा, घ्यायला आला होता. त्याने माझ्या स्वेटरवर आपला जाडजूड कोट चढवला आणि वर ‘आई, लेयर्स घालायचे असतात गं’ म्हणून मलाच शिकवलं. याला मी कानाला मफलर गुंडाळून बालवाडीत पाठवत होते!

ते २०१६ साल होतं, नोव्हेंबर सरत आला होता. निखिल एका वेअरहाऊसमध्ये शिफ्टवर जायचा आणि पीआरची (कायम राहायच्या परवानगीची) वाट बघायचा. त्याचं प्रत्येक वाक्य ‘एकदा पीआर आली की’ इथून सुरू व्हायचं. त्याच्या इमारतीखाली गाड्या विजेच्या वायरी लावून उभ्या होत्या, गोठ्यात दाव्याला म्हशी बांधाव्यात तशा. प्लग काढून ठेवला तर सकाळी इंजिन सुरूच होत नाही म्हणे. अशा गावात माणसं राहतात कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो कामावर गेला की मी एकटी. दुसऱ्याच दिवशी तळघरातल्या लॉंड्रीत गेले आणि त्याचा लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये घालून बसले. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. शेजारच्या मशीनशी एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. ती इतकी हसली, की मलाही हसू आलं. तिचं नाव फातू. आमच्या समोरच्याच दारात राहायची, वृद्धाश्रमात काम करायची. मला हाताला धरून जिना चढवला आणि ‘आन्टी, आधी जेवा’ म्हणाली.

जेवायला दोमोदा (शेंगदाण्याच्या कुटातला मटणाचा रस्सा) आणि भात. मी बार्शीकडची, शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेली. मटण बाजूला सारलं आणि रस्सा दोनदा घेतला. तिच्या देशातही शेतं भुईमुगाचीच. देश कुठला? गांबिया. मी तीस-एक वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण गांबिया नकाशावर दाखव म्हटलं असतं तर घाम फुटला असता. तिने टेबलावर बोटाने काढून दाखवला: नदीच्या दोन्ही काठांनी आत गेलेली एक पट्टी, शेवग्याच्या शेंगेएवढी, आणि एका बाजूचा समुद्र सोडला तर भोवती सगळा सेनेगल.

तिथे त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. निवडणूक म्हटलं की माझ्या कंबरेत कळ येते. ड्युट्या करून करून मी आंबले होते: ती पेटी, ती लाख, ती शाई, डासांत काढलेल्या त्या रात्री. आणि निवडून आलेल्याचं पुन्हा ये रे माझ्या मागल्या. निवृत्त झाल्यापासून मी मतदानाला गेलेच नव्हते. फातूला हे सांगितलं. तिला ते आवडलं नाही हे दिसलं.

तिच्याकडची पद्धत ऐकून मात्र मी ताठ बसले. तिथे मतपत्रिका नाही. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी देतात. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराचं त्याच्या रंगाचं, त्याच्या फोटोचं एकेक पिंप. पिंपाच्या नळीतून गोटी सोडली की आतली घंटा वाजते. बाहेरच्या कारकुनाने एक टण् ऐकला की मत झालं. दोन ऐकले तर बखोट धरायचं. त्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल आणायला बंदी, कारण सायकलची घंटा वाजली तर घोटाळा. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठी ही युक्ती, आणि ती कधीची चालू आहे. मी म्हटलं, बाई, आमच्या लाखेपेक्षा हे बरं.

पण बाकीचं ऐकून जीव उबगला. लष्करी उठाव करून आलेला एकच माणूस वीसहून अधिक वर्षं खुर्चीत. कितीही वेळा उभं राहायला मोकळीक, दुसरी फेरी नाही, विधानसभेतल्या काही जागा त्याच्याच मर्जीने भरायच्या. नावामागे पदव्यांची माळ. परदेशातल्या गांबियनांना मत नाही. फातूने एकदा इथून, त्यांच्या लोकांच्या इंटरनेट रेडिओवर, त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं होतं. तेव्हा चुलतभावाचा निरोप आला की आता इकडे येऊ नकोस, विमानतळावरूनच उचलतील. तिकडे तिची आई एकटी, हृदयाने थकलेली. आईला जिवंतपणी भेटायला मिळावं, एवढंच फातूचं मागणं होतं. पक्षबिक्ष तिला काही नव्हता.

मतदानाच्या दिवशी तिकडचा फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद. फातू रजा टाकून घरी बसली होती. मी भाकरी थापल्या, ती पुनःपुन्हा नंबर फिरवत राहिली. बाहेर हिमवादळाची भाकितं चालली होती आणि आत आम्ही दोघी, एका न लागणाऱ्या फोनकडे बघत. मी तिला म्हटलं, उगाच आशा लावू नकोस, अशी माणसं हरत नसतात. माझा अनुभव म्हणून म्हटलं.

आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी दुपारी फातू दार न वाजवताच आत आली, मला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली. त्या माणसाने टीव्हीवर, जिंकलेल्याला फोन करून, हसत हसत हार मान्य केली होती. रस्त्यावर लोक नाचत होते. तिने लगेच तिकीट काढलं. योगायोगाने माझीही परतीची तारीख तीच होती. टोरांटोपर्यंत एकच विमान.

आठवडाभर ती बॅग भरत होती. मग तो माणूस पुन्हा टीव्हीवर आला. निकाल आपल्याला मंजूर नाही, निवडणूक पुन्हा घ्या म्हणाला. फातू माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली ती उठेचना. निखिल म्हणाला, कॅन्सल कर. मीही तेच म्हटलं. शेवटी मीच तोड काढली की सेनेगलला उतर, आई सीमा ओलांडून तुझ्याकडे येईल, नाहीतरी लोक पळून येतीलच. फातूला ते पटलं. तिने तिथूनच आईला फोन स्पीकरवर लावला.

म्हातारी त्यांच्या मांडिंका भाषेत बोलत होती. आवाज बारीक, मध्ये धाप. फातू थोडं थोडं मला सांगत गेली. मध्येच तिने एक वाक्य गाळलं. काय म्हणाली म्हणून मी खोदून विचारलं.

“आई म्हणते, माझी गोटी त्या पिंपात आहे. मी घर सोडून गेले तर तो म्हणेल, बघा, इथे मत द्यायला कोणी नव्हतंच.”

माझी भाकरी तव्यावर करपली.

टोरांटोच्या विमानतळावर आम्ही एका बाकावर बसलो. तिने सेनेगलपर्यंतचंच तिकीट धरून ठेवलं होतं, पुढचं ठरलं नव्हतं. मी तिला भरल्या डोळ्यांनी सांगितलं की सीमेवरूनच परत ये. ती ‘हो आन्टी’ म्हणाली. तिचं गेट लांब होतं. जाताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बार्शीजवळच्या आमच्या गावी पोचले आणि आठ दिवस नुसती झोपले. गुडघे, थंडीचा खोकला, सगळं सोबत आलं होतं. जानेवारीत बातम्यांत दिसायचं: त्या माणसाला हटवायला सेनेगलचं सैन्य सीमेवर, गाठोडी डोक्यावर घेऊन बाहेर पडणारी माणसं. त्या गर्दीत मी एक उंच बाई आणि एक म्हातारी शोधत राहायचे. फातूचा फोन लागत नव्हता. निखिललाही काही माहीत नव्हतं. मी देवापुढे दिवा लावायचे आणि स्वतःवरच चिडायचे, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी तो माणूस विमानात बसून देश सोडून गेला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी फातूचा आवाज फोनवर आला, थकलेला, बसलेला. सीमेवर सगळी गर्दी अलीकडे येत होती आणि ती एकटीच पलीकडे चालली होती. शिपायाने तिला वेडी ठरवलं. गल्लीत सगळ्या दारांना कुलपं होती, फक्त आईच्या घरातून धूर येत होता. पुढचे दिवस त्या ओस गल्लीत दोघीच राहिल्या. तो गेल्याची बातमी आईने रेडिओवर ऐकली, नीट ऐकली, दोनदा ऐकली. आणि दुसऱ्या पहाटे झोपेतच गेली.

“भेट झाली ना गं?” मी विचारलं.

“झाली, आन्टी. शेवटी मला म्हणाली, आता मी कुठेही जायला मोकळी.”

फोन ठेवला. रडले, खरं सांगते. इतकी वर्षं मी फळ्यावर नागरिकाची व्याख्या लिहून देत आले, मुलं ती पाठ करत आली, आणि मी स्वतः पाय दुखतात म्हणून घरी बसत होते. पुढच्याच महिन्यात आमच्याकडे जिल्हा परिषदेची निवडणूक होती. उमेदवार तेच, आश्वासनं तीच, पाय तर जास्तच दुखत होते. काठी घेतली आणि गेले.