जिंकणाऱ्याच्या गाडीचं वजन

माझं लग्न होण्याआधी घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे वडील. वडील एकतीस वर्षं शहरबसचे ड्रायव्हर. नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी बोलण्यातूनही निवृत्ती घेतली असावी, असं मला वाटायचं. मी शाळेत भूगोल शिकवतो. दिवसभराचं बोलणं तिथेच संपलेलं असतं, म्हणून घरची शांतता माझ्या अंगवळणी पडली होती. बायकोला मात्र ती जड जायची. पहिल्या चार महिन्यांत सासरे-सुनेत जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "चहा ठेवू का, बाबा?" "ठेव." "वाढू का?" "वाढ."

माझी बायको काटे दुरुस्त करते. असं सांगितलं की लोक आधी घड्याळाचे काटे समजतात. ती वजनकाटे दुरुस्त करते. किराणावाल्याचे, सोनाराचे, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते, आणि वेळ पडली तर अख्खा ट्रक चढतो तेसुद्धा. हे काम ती एका म्हाताऱ्या कारागिराकडे शिकली. त्याचं दुकान आता तीच चालवते. दुकानात मखमलीचं अस्तर लावलेली एक पेटी आहे, तिच्यात तपासणीची वजनं असतात. त्यांना ती उघड्या हाताने शिवत नाही आणि दुसऱ्यालाही शिवू देत नाही. बोटांचा तेलकटपणा लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. मी एकदा एक वजन नुसतं उचलून पाहिलं, तर दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं.

तर एका रविवारी दुपारी वडील टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघत होते. ही त्यांची जुनी आवड. त्या लांबोळक्या, उघड्या चाकांच्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना टूरिंग कार लागायच्या, म्हणजे दिसायला तुमच्या-आमच्यासारख्या चार दारांच्या गाड्या, ज्या शर्यतीत एकमेकींना दारं घासत पळतात. बायको धुतलेले कपडे घेऊन गॅलरीत निघाली होती. जाता जाता थांबली आणि म्हणाली, "त्या निळ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर वजन कमी पडतंय."

वडिलांनी मान वळवली. "कशावरून?"

"प्रत्येक वळणावर तेच चाक उचललं जातंय. चार पायांचा काटा असा डुगडुगायला लागला की एका पायाखाली कागदाची घडी घालावी लागते. तसंच आहे हे."

वडिलांनी खुर्ची थोडी सरकवून जागा केली. कपडे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बादलीतच राहिले.

तेव्हापासून रविवार त्या दोघांचा झाला. वडील बघायचे ब्रिटनमधल्या शर्यतींची मालिका. त्या वर्षांत तिथे नियम होता की जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जास्तीचं वजन ठेवायचं. दिवसाला तीन शर्यती, आणि सकाळी पहिला आलेला दुपारी ते ओझं घेऊन पळणार. वडिलांना हे फार पटायचं. बायकोला मुळीच नाही. तिचा जीव ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांवर, विशेषतः डोंगरातल्या त्या हजार किलोमीटरच्या शर्यतीवर. एका गाडीला दोन ड्रायव्हर, सकाळी सुटलेली शर्यत संपते दुपार कलल्यावर. जर्मन मालिका दोघंही बघायचे, पण "मोठ्या कंपन्यांचं भांडण" म्हणून तिला मधल्या पायरीवर ठेवायचे. तिच्याबद्दल त्यांचा वाद नव्हता, म्हणून तिच्यात रसही नव्हता.

"जिंकल्याबद्दल शिक्षा कसली करायची, बाबा?" बायको विचारायची.

"शिक्षा नाही गं. रिकामी बस कुणीही चालवेल. खच्चून भरलेली बस चढावर नेताना ड्रायव्हर कळतो."

"मग सगळ्यांच्याच गाडीत भरा ना वजन. एकाच्याच का?"

"एकच सारखा पुढे राहिला तर बाकीच्यांनी घरी बसायचं का?"

"त्यांनी चांगली चालवायला शिकायचं. वजन मोजायची गोष्ट आहे, लादायची नाही."

असं शब्दाला शब्द लागून अर्धा रविवार जायचा. ज्या माणसाने मला दहावीच्या निकालावर दोन शब्दांत शाबासकी दिली होती, तो सुनेशी गाडीच्या डिकीतल्या वजनावर तासभर बोलत होता. मला हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. पण चहा करून आणला की दोघंही माझ्याकडे प्रेमाने बघायचे, तेवढ्यावर मी भागवलं.

आमच्या शहराबाहेर एक छोटा ट्रॅक आहे. तिथेही वर्षातून पाच रविवारी टूरिंग कारची स्पर्धा होते. सगळे हौशी लोक. नियम मात्र वडिलांच्या आवडीचे, जिंकणाऱ्याला वजन. वडिलांचा लाडका होता एक बेकरीवाला. पन्नाशीचा, पांढरी गाडी, तिच्या दारावर पावाचं चित्र. बायकोची लाडकी होती एक गुरांची डॉक्टर. तिची गाडी हिरवी. ती वळणात शिरताना ब्रेक इतक्या उशिरा दाबायची की मी डोळे मिटून घ्यायचो. त्या वर्षी शेवटची शर्यत आली तेव्हा दोघांत दोनच गुणांचा फरक होता. जो पुढे राहील त्याचाच चषक.

आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरबाईंच्या गाडीत तीस किलो जास्तीचं वजन होतं, बेकरीवाल्याच्या गाडीत दहा. शर्यत चांगली झाली. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण शेवटच्या चार फेऱ्या हिरवी गाडी पांढरीच्या शेपटीला चिकटून होती आणि वडील उभे राहून बघत होते, एवढं सांगतो. बेकरीवाला एका गाडीच्या लांबीने पुढे राहिला. वडील खाली बसले, रुमालाने मान पुसली आणि बायकोला म्हणाले, "तीस किलो घेऊन बरीच जवळ आली पोरगी." हे त्यांच्या दृष्टीने फार मोठं कौतुक होतं.

शर्यतीनंतर पहिल्या तीन गाड्यांचं वजन होतं. बायको दरवेळी ते बघायला कुंपणापाशी जायची, तशी आम्हालाही घेऊन गेली. एका कापडी छताखाली चार सपाट काटे मांडलेले, प्रत्येक चाकाखाली एक. चारही काट्यांपुढे चढायला लाकडी फळ्या होत्या. गाडी फळ्यांवरून हळूच वर चढवायची, ड्रायव्हर आत बसलेला, आणि चार आकड्यांची बेरीज करायची. आधी तिसरी आलेली गाडी झाली, मग डॉक्टरबाईंची. दोन्ही बरोबर. शेवटी बेकरीवाला चढला. मुख्य तपासनीस म्हणजे एक पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ होते. त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. बेकरीवाल्याची गाडी निदान अकराशे दहा किलो भरायला हवी होती. भरली अकराशे चार.

पाच मिनिटांत ध्वनिक्षेपकावर जाहीर झालं: पांढरी गाडी बाद, हिरवी पहिली. डॉक्टरबाईंच्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बेकरीवाला गाडीच्या टपावर हात टेकून नुसता उभा होता.

मी बायकोकडे पाहिलं. तिची लाडकी जिंकली होती, पण तिने केस सोडले, परत बांधले, परत सोडले. काहीतरी खुपत असलं की ती असं करते. तिची नजर काट्यांवर खिळलेली होती.

बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "आले मी," आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरली.

"सूनबाई, राहू दे," वडील मागून म्हणाले. तिने ऐकलं नाही. आम्ही दोघं फटीशी उभे राहिलो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

ती तपासनिसांना म्हणाली, "तो मागचा डावा काटा कमी दाखवतोय."

"सकाळीच तपासलेत चारही. तुम्ही कोण?"

"मी काटे दुरुस्त करते. सकाळी बरोबरच असणार. आता त्याची फळी सरकून काट्याला टेकली आहे. थोडा भार फळी उचलते, तेवढा काट्यावर येत नाही."

तपासनीस वाकून बघू लागले. हिरव्या गाडीबरोबरचा एक जाडजूड मेकॅनिक पुढे आला. "बाहेरच्या बाईचं कशाला ऐकायचं? निकाल लागलाय."

"माझं ऐकू नका," बायको शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडे गाडीत ठेवायच्या दहा-दहा किलोच्या पट्ट्या आहेत ना? बारा पट्ट्या आणा आणि एकेका काट्यावर ठेवून बघा. काहीही हलवू नका, फळी आहे तशीच राहू दे."

तपासनीस हट्टी नव्हते, सावध होते. त्यांनी आधी दोन्ही संघांच्या प्रमुखांना जवळ बोलावलं, गाडीला कुणी हात लावला नाही याची खात्री केली, ती मागे ढकलायला लावली आणि मग पट्ट्या आणवल्या. पहिला काटा, एकशे वीस. दुसरा, एकशे वीस. तिसरा, एकशे वीस. मागचा डावा, एकशे साडेसोळा. मग बायकोने फळी दोन बोटं मागे ओढली. आकडा हलला आणि एकशे वीसवर जाऊन थांबला.

गाडी पुन्हा चढवली. अकराशे बारा.

तोपर्यंत भोवती बरीच गर्दी जमली होती. मेकॅनिकने हातातला रुमाल टोपलीत टाकला. डॉक्टरबाई हाताची घडी घालून उभी होती. बायकोने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिच्या मनात असावं. डॉक्टरबाईने हेल्मेट उचललं आणि पाठ फिरवून चालायला लागली. बेकरीवाल्याने बायकोचा हात दोन्ही हातांत धरला आणि "ताई, ताई," एवढंच म्हणत राहिला.

घरी येताना बसमध्ये आम्ही मागच्या लांब बाकावर बसलो. वडील खुशीत असतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. दोन-तीन थांबे गेल्यावर म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर मूग गिळून बसलो असतो. माझा माणूस जिंकत असताना मी नसतो गेलो."

बायको म्हणाली, "मीही बसले होते, बाबा. पांढरी गाडी चढताना फळी सरकली ती मला तेव्हाच दिसली होती. जाहीर झालं तेव्हाही माहीत होतं. मी दहा मिनिटं काही बोलले नाही. म्हटलं, तिला तीस किलो लादले होते, त्याची भरपाई झाली असं समजू."

"मग का गेलीस?"

"तो बेकरीवाला गाडीखाली वाकून शोधायला लागला. काय सांडलं, काय पडलं, कुठे सहा किलो गेले. ते बघवेना."

वडिलांनी मान हलवली. "दहा मिनिटं काही जास्त नाहीत," ते म्हणाले. वडिलांनी कुणाची समजूत घातलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढच्या हंगामाआधी पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ स्वतः दुकानात आले. शर्यतीच्या दिवशी काटे सांभाळाल का, असं त्यांनी विचारलं. बायकोने दोन दिवस विचार केला. काट्यापाशी उभं राहायचं म्हणजे कुणाच्याही बाजूने टाळी वाजवता येणार नाही, हे तिला अवघड वाटत होतं. शेवटी हो म्हणाली. तिने पहिल्याच दिवशी लाकडी फळ्या काढून टाकायला लावल्या आणि लोखंडी, खाली बोल्टने पक्क्या होणाऱ्या बसवून घेतल्या. आता त्या पाच रविवारी वडील आणि मी दोघंच प्रेक्षकांत बसतो. वजन लादायचं की नाही हा वाद ते माझ्याशी घालायला बघतात, पण माझ्यात तेवढा दम नाही. मी लवकरच "बरोबर आहे तुमचं" म्हणतो. ते वैतागतात आणि सून घरी यायची वाट बघतात. बायकोचं मत काही बदललेलं नाही. जिंकणाऱ्यांच्या गाड्यांत ठेवायच्या पट्ट्या आता तीच तपासून देते. प्रत्येक वेळी तपासनिसांना सांगते की नियम चुकीचा आहे, वजन बरोबर आहे.

काटे सांभाळायच्या पहिल्याच वर्षी डॉक्टरबाई दुकानात आली. कुत्री आणि वासरं तोलायचा तिचा काटा बिघडला होता. बायको सांगते, दोघी आधी नुसत्या काट्याबद्दल बोलल्या. बायकोने तो उघडला, आत केसांचा गुंता निघाला, तो साफ केला, पाय सारखे केले, पेटीतली वजनं ठेवून दाखवली.

मग डॉक्टरबाई म्हणाली, "त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता."

"ते दिसलं मला."

"अजून थोडा आहे."

"असू दे," बायको म्हणाली. "मलाही माझा होता थोडा."

बायकोने तिला विचारलं की बाहेरच्या मालिकांपैकी तिला कुठली आवडते, ब्रिटिश की ऑस्ट्रेलियन. डॉक्टरबाई म्हणाली की ती एकही बघत नाही, रविवारी जनावरं आजारी पडायची थांबत नाहीत. हे ऐकून बायकोला इतकं आश्चर्य वाटलं की तिने घरी येऊन चप्पल काढायच्या आत वडिलांना सांगितलं.

"एकही नाही?" वडिलांनी विचारलं.

"एकही नाही."

"तरी एवढ्या उशिरा ब्रेक दाबते," वडील म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

काटा नेताना डॉक्टरबाईने बरोबर आलेल्या त्या जाडजूड मेकॅनिकला हात लावू दिला नाही. स्वतः उचलला, दोन्ही हातांनी सपाट धरून, जराही न कलवता गाडीपर्यंत नेला. काटा कसा न्यायचा असतो हे तिला न सांगता माहीत होतं, असं बायको त्या संध्याकाळी दोनदा म्हणाली.