काढून ठेवलेल्या शाफ्टचा आवाज

न उलगडलेल्या अनुभवांचं हे सदर मी आजवर चुका काढण्यासाठीच वाचत आले. इथे छापून आलेल्या दोन अनुभवांवर मी संपादकांना खरमरीत पत्रंही पाठवली होती. एक छापलं गेलं, दुसरं बहुधा टोपलीत गेलं. आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या कोनाड्यात अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे — अंगात येणं, करणी, उतारा, मूठ मारणं, प्रत्येकावर एक पत्रक. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली, बाराव्या वर्षी ती आठवडे बाजारात वाटली आणि विसाव्या वर्षी स्वतःच लिहायला लागले. तेव्हा भुताची गोष्ट हवी असेल तर पुढे वाचू नका. यात भूत नाही. एक ट्रक आहे, एक ड्रायव्हर आहे आणि माझ्या हातचं एक वाक्य आहे... ते वाक्य मनात वागवून आता मी दमले आहे, म्हणून लिहिते.

नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आम्ही भाजी पिकवणारे. काही घरांनी मिळून सोसायटी केली होती आणि सोसायटीने कोबी, फ्लॉवर, टोमॅटो वाशीच्या मार्केटला न्यायला नवा कोरा ट्रक घेतला होता. माझे वडील, तात्या, सोसायटीचे सचिव. लिहिण्याची कामं माझ्याकडे. ट्रकवर ड्रायव्हर होते दगूनाना, नांदगाव तालुक्यातले. तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंगवर काढली होती.

एके सकाळी नाना ऑफिसात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, गाडी बोलती हाय."

"काय बोलते?"

त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या टेबलावर वाजवून दाखवलं. टक... टक-टक... टक. लंगडणाऱ्या माणसाची काठी वाजावी तसं. "भरलेली आसली आन् तिसऱ्या गेरात चाळिसाला गेली, की येतंय. खाली जॉइंटमदून."

ट्रकवाले जॉइंट म्हणतात तो गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या हाउसिंगपर्यंत जाणारा लांब फिरता दांडा, प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा तोच. नाना पुढे म्हणाले, "कसारा घाट उतरताना त्यो तुटला तर गेरात गाडी घालून उपेग काय? माझं ऱ्हाऊ द्या. पन त्यो दांडा रोडवर पडला तर? मागून पोरं मोटारसायकलीवर येत्यात."

गाडी वॉरंटीत होती. मुंबई–आग्रा रोडवरच्या डीलरकडे नेली. (नाव देत नाही. त्यांचा दोष नाही, हे पुढे कळेलच.) तिथली पद्धत अशी की सुपरवायझरने स्वतः आवाज ऐकला, तरच जॉब कार्डवर लिहायचा आणि तरच कंपनीकडे क्लेम जायचा. आणि वर्कशॉपात गाडी रिकामीच आणायची. आवाज मात्र भरल्या गाडीलाच यायचा! तीन खेपा झाल्या. दरवेळी सुपरवायझर शिरोडे गाडी एक्स्प्रेससारखी पळवून आणायचे आणि कार्डवर लिहायचे, दोष आढळला नाही.

"मॅडम, नव्या गाडीला काय होतंय? ड्रायव्हर जुना आहे तुमचा," ते हसून म्हणाले.

नाना म्हणाले, "सायेब, नवी हाय म्हून तर ऐकू येतंय. जुनीत समदंच वाजतं."

सगळं वर्कशॉप हसलं. शिरोडेही हसले. पण तिसऱ्या कार्डवर त्यांनी आणखी एक शेरा टाकला — ड्रायव्हरची चालवण्याची सवय तपासावी.

सोसायटीत तो शेरा वाचला गेला. अध्यक्षांचा भाचा नुकताच हेवी लायसन्स घेऊन घरी बसला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ठरलं असं की अजून एकदा गाडी दाखवायची. पुन्हा 'आढळला नाही' आलं, तर नानांना गाडीवरून उतरवायचं. मी तात्यांशी भांडले. तीस वर्षांच्या कानापेक्षा एका छापील कार्डाला जास्त किंमत द्यायची, ही कसली समता? तात्या शांतपणे म्हणाले, "आवाज असेल तर दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येईल. एकट्यालाच ऐकू येतं त्याला आपण काय म्हणतो? तूच लिहिलंयस ना पत्रकात?"

लिहिलं होतं. तरीही मी डीलरला दोन पानी पत्र लिहिलं — रिकाम्या गाडीची तपासणी म्हणजे बरा झालेला माणूस बघून तापाचं निदान करणं, वगैरे — आणि भरलेली गाडी आणण्याची परवानगी मिळवली. बुधवारी सकाळी कोबीने भरलेला ट्रक मार्केटऐवजी वर्कशॉपला निघाला. सभासद चिडलेच. एकजण मोठ्याने म्हणाला, "आता कोबीची पण सर्व्हिसिंग करणार का, ताई?"

विल्होळीपर्यंत जाऊन आलो. नाना चालवत होते, मध्ये मी, खिडकीशी शिरोडे. तिसरा गिअर, चाळीस. काही नाही. पुन्हा. पुन्हा. नानांच्या कानामागून घाम ओघळत होता. शिरोडे पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. मी तळव्यांनी केबिनचा पत्रा चाचपत बसले होते... एवढं इंजिन, एवढा रस्ता, आणि हवा तो एक आवाज नाही.

शिरोडे दुष्ट नव्हते. परत आल्यावर म्हणाले, "अन्वरभाई, शाफ्ट उतरवून बघा एकदाचा. यांचं समाधान तरी होईल." मग ते कार्ड करायला केबिनमध्ये गेले.

अन्वरभाई तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. एक लांब सळई गाडीच्या भागाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आतलं ऐकायचं, ही त्यांची रीत. त्यांनी चाकांना ठोकळे लावले, गाडीखालच्या खड्ड्यात उतरून शाफ्ट सोडवला आणि नानांच्या मदतीने उचलून भिंतीजवळ गोणपाटावर ठेवला. बाकीचं बघायला ते पुन्हा खाली गेले, तेव्हा मी आणि नानाही खड्ड्यात उतरलो. "ओढणी सांभाळा ताई, ग्रीस जात नाही," अन्वरभाई म्हणाले. शाफ्टच्या टोकांचे दोन्ही क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, त्यांनी आधीच हाताने फिरवून बघितले होते. लोण्यासारखे फिरत होते.

साडेअकरा वाजले असतील. पत्र्यातल्या पारदर्शक पट्ट्यांमधून ऊन खाली आलं होतं. पलीकडच्या खड्ड्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. आमच्या ट्रकचं इंजिन बंद, चावी नानांच्या खिशात.

टक... टक-टक... टक.

मी नानांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात कठड्यावर होते, स्थिर.

आवाज वरून येत होता, आमच्या डोक्यावरून. आधी सावकाश, मग जरा भरभर — गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जावी तसा. मग एका वेगावर येऊन स्थिरावला. अन्वरभाईंनी सळई गिअरबॉक्सला टेकवली, मान हलवली. हाउसिंगला टेकवली, मान हलवली. मग ती दोन्हींच्या मधे धरली आणि हात तसाच राहिला. आवाज तिथून येत होता, आणि सळई टेकवायला तिथे काही नव्हतंच. शाफ्ट तर भिंतीजवळ पडला होता.

मी हात वर केला. हवेत काही लागलं नाही. तळहाताला मात्र ठोके कळत होते, कुणाच्या मनगटाची नाडी धरावी तसे.

"ह्योच," नाना हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटल्यासारखे दिसत होते ते. "ऐकताय ना ताई? ह्योच."

मिनिटभर चाललं असेल. मग थांबलं. अन्वरभाई कुणाकडे न बघता वर चढून गेले.

शिरोडे कार्ड घेऊन आले. "मग? आला का?"

अन्वरभाई सळई पुसत राहिले. "साब, मैं क्या बोलूं... ताई थीं वहाँ, उनको पूछो."

शिरोडेंनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे. आवाज ऐकला असेल तर तुमच्या हाताने लिहा — कधी, कुठून, इंजिन चालू असताना की बंद. मी खाली सही करतो. क्लेम आजच पाठवतो."

त्या कार्डावर मी काय लिहायला हवं होतं? इंजिन बंद, शाफ्ट उतरवलेला, आवाज शाफ्टच्या जागेवरून? हे वाक्य माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, सोसायटीत तात्यांसमोर वाचलं जाणार होतं. उद्या कुणीही मला विचारलं असतं, पत्रकं कोणत्या तोंडाने वाटतेस? इंजिन चालू होतं असं लिहिणं म्हणजे खोटं. आणि मी खोटं लिहीत नव्हते!

मी लिहिलं — आवाज आढळला नाही.

नाना शेजारी उभे होते. त्यांना वाचता येत होतं. कोऱ्या आवाजात ते म्हणाले, "चला, कोबी सुकंल."

शनिवारी त्यांना गाडीवरून उतरवलं. मी त्या बैठकीत होते, इतिवृत्तही मीच लिहिलं. भाच्याने पुढे चार वर्षं तो ट्रक चालवला. ना आवाज, ना बिघाड. घाटातही कधी काही झालं नाही. तात्या एकदा म्हणाले, "बघ, नानांसोबतच गेला तो आवाज." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मधल्या काळात मी खूप डोकं शिणवलं. धातू गरम होऊन थंड होताना वाजतो. मग तो दुसऱ्यातून तिसऱ्यात कसा जातो? पलीकडच्या खड्ड्यावरचा हातोडा? तिथे टायर बदलत होते. एका इंजिनिअर मित्राला सांगितलं, तो म्हणाला, तिघांना एकदम भास होऊ शकतो. झाला असेल. पण मग माझ्या तळहाताला झालेला भास कुठल्या पत्रकात बसवू?

गेल्या महिन्यात नांदगावला गेले. नाना घरी होते, गोठ्याचं दार दुरुस्त करत होते. मी तात्यांना सगळं सांगितलंय, असं त्यांना म्हटलं. सोसायटीच्या नावे लिहिलेला कागदही पुढे केला. जे ऐकलं ते जसंच्या तसं त्यात लिहिलं होतं, खाली सही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"आता ह्यो कुनाला दावू, ताई? मी काय परत गाडी चालवनार हाय का?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"पन कशाचा व्हता वो त्यो? तुमी शिकलेल्या. काय कळलं का?"

"नाही नाना. अजून नाही."

"मलाबी नाय." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पन व्हता ना?"

"होता," मी म्हटलं.

ते मान हलवून पुन्हा दाराकडे वळले. मला म्हणाले, "ही फळी धरा जरा. घट."