काकी, कावेरी आणि लिफ्टमधले बोंबील

माझ्या मित्राच्या आईने एकदा एखादी गोष्ट ठरवली की ती बदलायची हिंमत कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत कोणाच्यात नाही. खुद्द यमाने एकदा प्रयत्न करून पाहिला, तर त्यालाही तिने अंगणातच थोपवून धरलं. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारं आगरी घर. शेतं बिल्डरला गेली आणि त्या पैशातून काकीचा तीन मजली बंगला उभा राहिला, आतमध्ये लिफ्टसकट. काकी त्या लिफ्टमध्ये एकदाही चढली नाही. "मना काय पाय नाय?" म्हणाली, आणि लिफ्टमध्ये सुके बोंबील टांगले. मांजराला बटण दाबता येत नाही, हा तिचा हिशोब. तो चुकीचा आहे असं आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.

माणसाची परीक्षा ती ताटावर करते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन भाकऱ्यांवर थांबलो, तर मित्राला म्हणाली, "याला डाक्टरकडं ने." अशा बाईच्या एकुलत्या एक मुलाने प्रेमात पडावं ते डोंबिवलीतल्या तमिळ, अंड्यालाही न शिवणाऱ्या कावेरीच्या! मित्र आणि मी वागळे इस्टेटमध्ये एकाच ऑफिसात, कावेरी समोरच्या इमारतीत, त्यामुळे हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोरच शिजलं. काकीने निकाल दिला, "जिला माशाचा काटा काढता येत नाय, ती संसार काय करनार?" मित्र भांडला नाही. त्याने फक्त घरी मासे खाणं बंद केलं. आठवडाभर पापलेटं ताटात तशीच राहिली आणि काकी हादरली. साखरपुड्याला तयार झाली, पण तोंड फुगवूनच.

कावेरीचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. घर बघायला आले तेव्हा गुडघे दुखतात म्हणून, बाकीचे चपला काढत असतानाच, बिचारे लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांच्या नाकावर रुमाल होता आणि डोळ्यांत पाणी. काकी जिन्यावरून ओरडली, "वास हाय, चावत नाय!"

साखरपुडा झाला, लग्नाचा हॉल ठरला, आणि कावेरीला सारखा ताप येऊ लागला. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला.

रविवारी सकाळी तिचे वडील एकटेच आले. अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, "आम्ही तुम्हाला मोकळं करायला आलोय. मुलीचीच तशी इच्छा आहे. तुमच्या मुलाचं आयुष्य का अडकवायचं?" मित्र नुसता खाली मान घालून उभा. काकी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. आणि खरं सांगतो, तिला दोष द्यावा असंही वाटलं नाही. तेवढ्यात ती बाहेर आली ती हळदीची वाटी घेऊन. ना मांडव, ना मुहूर्त, ना वाजंत्री! इस्त्रीच्या शर्टात उभ्या असलेल्या पोराच्या गालांना, कपाळाला, हातांना तिने बचाबचा हळद फासली आणि वाटी त्याच्या सासऱ्यापुढे धरली.

"आता याला हलद लागली. आमच्यात हलद लागलेला नवरा परत फिरत नाय. ही उष्टी हलद पोरीकडं न्या."

नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची, ही रीत. पण डॉक्टरांनी कावेरीच्या अंगाला काही लावायला बंदी केली होती. तर तिने ती वाटी उपचार चालू होते तितके महिने उशाशी ठेवली. वडील ती वाटी नेताना लहान मुलासारखे रडले होते. मीही रडलो, लपवत नाही.

उपचार आटोपल्यावर लग्न झालं, कावेरीच्या डोक्याला रुमाल बांधूनच. बायका कुजबुजायला लागल्या तशी काकी भर मांडवात कडाडली, "केस येतीन परत. तुमची तोंडा कवा बंद होतीन?" आणि अशक्त सुनेला जिना झेपणार नाही म्हणून काकीने लिफ्टमधले बोंबील काढले! लिंबू लावून लावून स्वतःच्या हातांनी लिफ्ट घासली. वास पूर्ण गेला नाही, ती गोष्ट वेगळी. कावेरी म्हणते, आता त्या वासाशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही.

आता कावेरीचे केस खांद्याखाली आलेत. पण मधूनमधून तपासणीला जावं लागतं. त्या दिवशी काकी घरात असूनही घरात आवाज नसतो. पायरीवर बसते, मांडीत हळदीची वाटी, फोन वाजेपर्यंत पाण्याचा घोट नाही. गेल्या वेळी मी तिच्याजवळ बसलो होतो. मित्राचा फोन आला, सगळं ठीक आहे म्हणाला. काकीने हळदीत बोटं बुडवली आणि जवळ मीच होतो, म्हणून माझ्याच गालांना लावली.

"भ्या वाटला व्हता रं, बाला," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

तसाच ऑफिसला गेलो. लोक विचारत होते, "अरे, कोणाची हळद होती?"

मी म्हटलं, "आमच्या कावेरीची." आणि संध्याकाळपर्यंत तोंड धुतलं नाही.